येशूलाही बरे-वाईट शिकावे लागले का?

एका वाचक भगिनीचे पत्र, थोडक्यात: त्या आपल्या मंडळीच्या संडे स्कूलमध्ये नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना शिकवतात. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या सातव्या अध्यायातला इम्मानुएलचा भाग घेताना त्या चौदाव्या वचनावर (कुमारी पुत्र प्रसवेल आणि त्याचे नाव इम्मानुएल ठेवील; मत्तय आपल्या शुभवर्तमानात हे वचन येशूला लावतो) न थांबता पुढची दोन वचनेही वाचून गेल्या. बाळ दही आणि मध खाईल, वाईट नाकारून चांगले निवडण्याची समज त्याला येईल, आणि ती येण्याआधीच ज्या दोन राजांची धास्ती आहे त्यांचा देश ओस पडेल, असा त्यांचा आशय. एका मुलीने लगेच विचारले, "म्हणजे येशूला आधी चांगलं-वाईट कळत नव्हतं? मग तो देव कसा?" बाईंनी "मोठी झालीस की कळेल" म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून ती मुलगी वर्गात तोंड उघडत नाही. मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांना विचारले, तर ते म्हणाले, "असली वचने मुलांपुढे काढायचीच कशाला? वचने पाठ करून घ्या, बरे-वाईट आपोआप कळते." पत्राच्या शेवटी त्या लिहितात, "हे वचन येशूविषयी नाही म्हणावे तर मत्तय खोटा पडतो, आहे म्हणावे तर येशू अजाण ठरतो. मला वाटू लागले आहे की माझाच विश्वास कच्चा आहे. वर्ग सोडून द्यावा का?"

प्रिय ताई,

वर्ग सोडू नका. बाकीचे सावकाश बोलू, पण एवढे आधी सांगून टाकते, कारण तुमचे पत्र वाचताना मला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच वाटली. दहा-अकरा वर्षांची मुलगी वचन इतके कान देऊन ऐकते की त्यात तिला प्रश्न पडतो, हे तुमच्या शिकवण्याचेच फळ आहे. आणि तिने जे विचारले त्यावर मंडळीने पहिल्या काही शतकांत जिवाच्या आकांताने वाद घातला आहे. तेव्हा तुमचा विश्वास कच्चा असल्याचे लक्षण म्हणून त्याच्याकडे बघू नका.

तुम्ही कात्रीत सापडला आहात ती दोन गृहीतकांमुळे. एक, बरे-वाईट अजून न कळणे हा दोष आहे. दुसरे, हे वचन एक तर येशूचे किंवा दुसऱ्या कुणाचे, दोन्ही नाही. मला दोन्हींबद्दल शंका आहे. पण त्याआधी तो प्रसंग नीट बघू या.

इम्मानुएलचे वचन आपण नाताळात इतक्या वेळा ऐकतो की ते एका चालू बोलण्यातले मधलेच वाक्य आहे, हे लक्षातून जाते. ख्रिस्तपूर्व ७३५ च्या सुमाराची गोष्ट. यहूदा राज्याच्या गादीवर, यरुशलेमात, आहाज आहे. अरामचा रसीन आणि उत्तरेकडच्या इस्राएल राज्याचा पेकह हे दोन राजे हातमिळवणी करून यरुशलेमवर चालून आले आहेत. आहाजला हुसकून टाबेलाच्या मुलाला राजा करायचा त्यांचा बेत आहे. वाऱ्याने रानातली झाडे हलावीत तसे राजाचे आणि लोकांचे काळीज हलले, असे शास्त्र सांगते. यशया राजाला गाठतो तो राजवाड्यात नव्हे, तर वरच्या तळ्याच्या पाटाच्या टोकाशी, परटाच्या शेताकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वेढा पडायचा असेल तर शहराला आधी पाण्याची काळजी. राजा बहुधा त्याच्याच तजविजीला आला असावा. देवाने यशयाला सांगितलेले असते की जाताना तुझा मुलगा शआर-याशूब यालाही बरोबर ने. ज्या अध्यायात पुढे एका बाळाच्या समजेविषयी बोलणे निघणार आहे, त्यात सुरुवातीपासून एक मूल हजर आहे आणि मोठ्यांचे ऐकते आहे. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. तुमच्या वर्गातल्या मुलांनाही तो आवडेल.

यशया म्हणतो, भिऊ नकोस, हे दोघे म्हणजे धूर सोडणारी कोलितांची टोके आहेत. विश्वास धरला नाहीस तर टिकणार नाहीस. वाटेल ते चिन्ह माग. त्यावर आहाज म्हणतो, मी मागणार नाही, मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही. राजाचे हे उत्तर लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज पडेल. मग यशया म्हणतो की आता प्रभू स्वतःच चिन्ह देईल, आणि तिथे त्या बाळाचा उल्लेख येतो.

त्या राजाच्या मनात त्या वेळी एकच घोर असणार, हे संकट टळायला किती काळ लागेल. उत्तर वर्षांच्या आकड्यात येत नाही, मुलाच्या वाढीत येते. हे मूल वाईट नाकारायला आणि चांगले निवडायला शिकण्याआधी दोघे राजे संपलेले असतील. पुढच्याच अध्यायात पुन्हा तशीच मुदत आहे: यशयाच्या दुसऱ्या मुलाला आई-बाप अशी हाक मारता येण्याआधी अरामची राजधानी दिमिष्क हिची संपत्ती आणि इस्राएलची राजधानी शोमरोन हिची लूट अश्शूर या बलाढ्य साम्राज्याच्या राजाकडे जाईल. ख्रिस्तपूर्व ७३२ मध्ये दिमिष्क पडले आणि रसीन मारला गेला. ७२२ मध्ये शोमरोनही गेले. तेव्हा तुमच्या विद्यार्थिनीला टोचलेले "कळण्याआधी" हे शब्द बाळाची उणीव दाखवायला आलेले नाहीत. राजाला मुदत सांगायला आले आहेत.

पण मुदतच सांगायची होती, तर ते मूल चालू लागण्याआधी किंवा त्याला दात येण्याआधी, असेही म्हणता आले असते. वाईट नाकारणे आणि चांगले निवडणे हेच का घेतले? मला वाटते, त्याचे कारण समोर उभा असलेला माणूस. आहाज गादीवर आला तेव्हा वीस वर्षांचा होता, हे राजांच्या दुसऱ्या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात आहे. वाळवंटात लोकांनी कुरकुर केली तेव्हा देवाने ज्यांना जबाबदार धरले ते वीस वर्षांचे आणि त्यावरचे. तेव्हा हा राजा जाणता होता. त्याने निवडले काय? अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरकडे त्याने जासूद पाठवले की मी तुमचा दास, तुमचा पुत्र, येऊन मला सोडवा. बरोबर परमेश्वराच्या मंदिरातले आणि राजवाड्याच्या भांडारातले सोने-रुपे नजराणा म्हणून धाडले. पुढे त्या राजाला भेटायला दिमिष्कात गेला तर तिथली वेदी त्याच्या मनात भरली. तिचा नमुना त्याने उरीया याजकाला पाठवला आणि तशीच वेदी मंदिरात बांधवून घेतली. त्याच अध्यायात अशीही नोंद आहे की त्याने आपल्या मुलाला अग्नीत होमिले. (हे मुलांना सांगू नका, पण तुम्ही शिकवताना मनात असू द्या.) अशा माणसासमोर देव एक मूल ठेवतो, आणि सांगतो की या मुलाला ते जमेल.

दही आणि मधाचेही तसेच. दूध-मधाचा देश हे शब्द कानावर असल्यामुळे आपल्याला ही सुबत्ता वाटते. पण अध्यायाच्या शेवटाकडे, एकविसाव्या वचनापासून वाचा. माणसाजवळ एक कालवड आणि दोन मेंढ्या उरतील, आणि देशात जे कोणी मागे राहतील ते सगळे दही आणि मध खातील. जिथे हजार रुप्यांच्या हजार वेली होत्या तिथे काटेकुटे माजतील. म्हणजे मळे गेले, नांगरट गेली, उरले ते जनावरांचे दूध आणि रानातला मध. काही अभ्यासक यात देवाने केलेली तरतूद बघतात, काही उजाड झालेला देश बघतात. मला त्या वचनांत दोन्ही दिसते. देव राखून ठेवतो, पण राजाच्या निवडीची किंमत त्या मुलाच्या ताटापर्यंत पोहोचलेली असते. मोठ्यांनी चुकीचे निवडले त्या देशात हे लेकरू बरे निवडायला शिकणार आहे. मुलांना शिकवणाऱ्या कुणालाही हा भाग सोडून पुढे जाता येऊ नये, असे मला मनापासून वाटते.

आता मत्तय. त्याने येशूच्या जन्माच्या संदर्भात चौदावे वचन घेतले आहे, इम्मानुएल म्हणजे आम्हांबरोबर देव एवढे सांगून तो थांबतो. पंधरावे-सोळावे वचन तो उद्धृत करत नाही. आहाजच्या काळात या शब्दांना अर्थ होता, म्हणून मत्तय खोटा पडत नाही. दोन राजांच्या भयाने हललेल्या लोकांना "देव आमच्याबरोबर" हे एका मुलाच्या नावाने सांगितले गेले, आणि शतकांनंतर मत्तयाला ते नाव येशूत पुरे भरलेले दिसले. मंडळीत पुष्कळ जण असेच वाचत आले आहेत. दुसरीकडे, पंधरावे वचनही थेट येशूचेच मानणारे मोठमोठे शिक्षक होऊन गेले, आणि ते त्या वचनाला मुळीच बिचकले नाहीत. दुसऱ्या शतकातला आयरेनियस म्हणतो की दही-मध खाणारा तो खराखुरा मनुष्य होता, हेच यातून दिसते. सोळाव्या शतकात कॅल्विनही त्याच वळणाने जातो. हे बाळ इतर बाळांसारखेच वाढले, एवढाच त्यांनी त्यातून अर्थ घेतला आणि त्यात त्यांना येशूचा अपमान दिसला नाही.

आपल्याला तो दिसतो, कारण "कळत नव्हते" आणि "चुकत होता" हे आपण एकच धरून चालतो. शास्त्र तसे धरत नाही. बायबलमधल्या अनुवाद या ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात मोशे त्या वाळवंटातल्या लोकांना सांगतो की ज्या लेकरांना आज बरे-वाईट कळत नाही, तीच वचनदत्त देशात जातील. त्यांचे न कळणे हा तिथे गुन्हा ठरत नाही. लहान असणे म्हणजे पाप नव्हे. आणि लूक तर सरळ लिहितो की बाळ येशू वाढत गेला, ज्ञानाने भरत गेला. बारा वर्षांचा असताना तो मंदिरात शिक्षकांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारत होता. इब्री लोकांस पत्रात तो सर्व प्रकारे आपल्यासारखा पारखला गेला तरी निष्पाप राहिला, असे चौथ्या अध्यायात आहे, आणि पाचव्यात, तो पुत्र असूनही जे सोसले त्यातून आज्ञाधारकपणा शिकला, असे आहे. ही दोन वाक्ये एकाच लेखकाने लागोपाठच्या अध्यायांत लिहिली. शिकणे आणि निष्पाप असणे यांत त्याला काही विरोध वाटला नाही.

चौथ्या शतकात लाओदिकेयाचा बिशप अपोलिनारिस याला मात्र तो वाटला. येशूचे शरीर मनुष्याचे, पण त्यात मानवी मनाच्या जागी देवाचा शब्द, म्हणजे स्वतः देवपुत्र, असे तो शिकवू लागला. येशूचा मान राखावा म्हणूनच त्याने हे केले. पण ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मपरिषदेने ती शिकवण नाकारली. मंडळीचे म्हणणे असे की मानवी मन त्याने घेतलेच नसेल, तर आमच्या मनाचे तारण कसे होणार? ४५१ च्या खाल्किदोनच्या परिषदेने तो खरा देव आणि खरा मनुष्य, दोन्ही पूर्णपणे, असे मांडले. म्हणजे "येशूला पाळण्यातच सगळे कळत होते, शिकायचे काही नव्हतेच" हे उत्तर दिसायला भाविक असले तरी मंडळीने जे नाकारले त्याच्या फार जवळ जाते. खऱ्या मनुष्याचे मन वाढते. एकच व्यक्ती सर्वज्ञ देव आणि वाढणारे बाळ कशी, हे गूढ मात्र त्या परिषदांनीही उकलून दाखवलेले नाही, आणि तुम्हीही मुलांपुढे ते उकलून दाखवायला हवे असे नाही.

आता आहाजच्या त्या उत्तराकडे वळू. "मी परमेश्वराची परीक्षा पाहणार नाही." ही मोशेची आज्ञा आहे, अनुवादाच्या सहाव्या अध्यायातली. राजाला वचन येत होते. ते त्याने वापरले कशाला, तर देवाचे ऐकावे लागू नये म्हणून. आणि हीच आज्ञा पुन्हा एकदा कुणाच्या तोंडी येते बघा. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात सैतान येशूला मंदिराच्या शिखरावर उभे करून म्हणतो, खाली उडी टाक, देवदूत तुला झेलतील असे लिहिलेच आहे. सैतानालाही स्तोत्र पाठ आहे. येशू उत्तर देतो की तुझा देव परमेश्वर याची परीक्षा पाहू नकोस. आहाजने त्या आज्ञेआड लपून चांगले नाकारले, येशूने त्याच आज्ञेने वाईट नाकारले. यशयाचे पंधरावे वचन मला तिथे, त्या शिखरावर, डोळ्यांसमोर घडताना दिसते. इम्मानुएल मोठा झाला आहे, आणि त्याला काय नाकारायचे आणि काय निवडायचे ते कळते आहे.

म्हणूनच त्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे मला पुरे पटत नाही. पाठांतर वाया जाते असे मी म्हणत नाही. येशूलाही ती आज्ञा वेळेवर आठवली कारण ती त्याच्या मनात होती. पण वचन पाठ असले की बरे-वाईट आपोआप कळते, हे आहाजकडे बघून म्हणता येणार नाही. इब्री लोकांस पत्राच्या पाचव्या अध्यायाचे शेवटचे वचन तुमच्या वर्गाला जास्त उपयोगी आहे. दूध बाळांना, जड अन्न प्रौढांना, आणि प्रौढ कोण, तर सरावाने ज्यांची बरे-वाईट ओळखण्याची शक्ती तयार झाली आहे ते. सरावाने. म्हणजे मुलांना निवड करून बघायची, निवडीवर बोलायची, कधी चुकायची संधी हवी. तुमच्या विद्यार्थिनीने वर्गात जे केले तो सरावच होता. जे ऐकले ते दुसऱ्या ऐकलेल्याशी जुळत नाही, हे तिने ओळखले.

तुमच्यापुढचे रस्ते बघू. ती दोन वचने यापुढे गाळायची, हा एक. पण तिने ती ऐकली आहेत, आता गाळलीत तर त्यात काहीतरी लपवण्यासारखे आहे असेच तिला वाटेल. हे फक्त आहाजच्या काळातले आहे म्हणून विषय मिटवायचा, हा दुसरा. सोपा आहे, पण पुढच्या नाताळात तीच मुलगी विचारेल की मग हे वचन आपण आज का वाचतो. तिसरा, सगळी गोष्ट सांगायची. मी तिसरा घेईन, आणि त्याला दोन रविवार देईन.

पहिल्या रविवारी येशूचे नावही काढू नका. पाट, घाबरलेला राजा, यशया आणि त्याचा मुलगा. मुलांना विचारा, शआर-याशूबला त्या वेळी काय वाटले असेल? राजाने काय करायला हवे होते? अश्शूरची मदत त्यांना शहाणपणाची वाटली तर वाटू द्या, लगेच खोडू नका. आहाजलाही ती शहाणपणाचीच वाटली होती. मग पुढे काय झाले ते सांगा. दुसऱ्या रविवारी लूकचा मंदिरातला प्रसंग आणि मत्तयाचे शिखर, दोन्ही घ्या, आणि आहाजचे वाक्य नि येशूचे वाक्य फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. दोघांनी तेच म्हटले, मग फरक कुठे, हे मुलांना शोधू द्या. बोलणे बराच वेळ चालेल, आणि त्यात तुम्ही कमीच बोला. ज्यांच्या घरी मुलांनी असाच प्रश्न विचारला आहे त्यांनाही हा क्रम चालेल. एका संध्याकाळी यशयाचा सातवा अध्याय मोठ्याने वाचा, दुसऱ्या संध्याकाळी लूकचा दुसरा. आधी "हे त्या राजाला काय सांगते?" आणि मगच "हे येशूविषयी काय सांगते?" असा प्रश्नांचा क्रम ठेवलात तर निम्मा गोंधळ उद्भवणारच नाही.

त्या मुलीला मात्र दोन रविवार थांबवू नका. येत्या वर्गात सगळ्यांसमोर तिचे नाव घेऊन सांगा की तुझा प्रश्न चांगला होता, मी त्याला उत्तर दिले नव्हते, आता आपण ते शोधणार आहोत. एकांतात सांगितलेत तर तिच्यापुरते ठीक होईल, पण "मोठी झालीस की कळेल" हे बाकीच्यांनीही ऐकले होते. तिने पुन्हा विचारलेच, तर दोन वाक्ये पुरतील: येशू खरा माणूस झाला, म्हणून तो बाळासारखा वाढला आणि शिकला. पण शिकताना त्याने कधी वाईट निवडले नाही. तरीही "पण तो देव होता ना?" असे आले, तर हो म्हणा, आणि हे कसे ते मलाही पुरते उलगडत नाही असे सरळ सांगा. मुलांना त्याने धक्का बसत नाही. त्यांना टाळले की मात्र कळते.

वडीलधाऱ्यांशी वाद घालायला जाऊ नका, पण त्यांना सोडूनही देऊ नका. त्यांनी आयुष्यभर वचन जपले आहे आणि मुले भरकटतील या काळजीने ते बोलले असतील. त्यांच्याकडे इब्रीचा पाचवा अध्याय घेऊन जा आणि म्हणा, "तुम्ही पाठांतराचे म्हणालात ते मी करतेच आहे, पण हा सराव मुलांकडून कसा करून घ्यावा, तुम्ही सांगा." शक्य असेल तर दुसऱ्या रविवारी त्यांना वर्गात येऊन बसायला सांगा. आले नाहीत तर पाळकांना आधी कल्पना देऊन ठेवा, म्हणजे उद्या कुणी तक्रार केली तर तुम्ही एकट्या पडणार नाही.